इंग्रजीचा शिक्षक कुठे घडावा : इथे की परदेशात?

छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने निघाले की चिकलठाणा, शेंद्रा मागे पडतात आणि करमाड लागते. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीने या पट्ट्यातली वस्ती बदलली आणि वस्तीबरोबर शाळाही बदलल्या. जिल्हा परिषदेची मराठी शाळा, संस्थांच्या हायस्कुलांतले सेमी-इंग्रजीचे वर्ग आणि इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळा आता एकाच रस्त्यावर दिसतात. तिन्हीकडे इंग्रजी नीट शिकवू शकेल असा माणूस हवा असतो. साहजिकच इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेल्या मुलामुलींसमोर प्रश्न येतो : संभाजीनगरला रोज ये-जा करून बी.एड. करायचे, की कर्ज किंवा शिष्यवृत्ती मिळवून परदेशातून एम.ए. करायचे? या प्रश्नावर गेल्या काही दशकांत जे मुद्दे पुढे आले, त्यांचा हा आढावा आहे.

पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात शिक्षक घडवण्याची सोय जुनी आहे. 1845 मध्ये मुंबईत निघालेल्या अध्यापन वर्गाची जबाबदारी बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. माध्यमिक शिक्षकांसाठीचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज 1906 मध्ये मुंबईत सुरू झाले. मराठवाड्याची गोष्ट वेगळी. हा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि उच्च शिक्षणाचे केंद्र म्हणजे 1918 मध्ये स्थापन झालेले, उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय 1950 मध्ये उभे केले. मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये झाले. करमाडच्या आसपासच्या गावांत पदवीधर इंग्रजी शिक्षक ही गोष्ट त्यानंतरच रुळू लागली.

त्या काळात इंग्रजीसाठी परदेशी जाणे म्हणजे बहुधा इंग्रजी साहित्य शिकायला जाणे. विनायक कृष्ण गोकाक पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. तिथून ते ऑक्सफर्डला गेले आणि परत आल्यावर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे हेच गोकाक हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक झाले. ही संस्था 1958 मध्ये ब्रिटिश कौन्सिल आणि फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने उभी राहिली. देशातल्या इंग्रजी शिक्षकांना देशातच तयार करणे हा तिचा हेतू होता. आजचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ म्हणजे ‘इफ्लू’ ते हेच. करमाडवरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग थेट त्याच शहरापर्यंत पोचतो.

महाराष्ट्राने स्वतःची राज्य आंग्लभाषा संस्था 1965 मध्ये मुंबईत काढली. ती पुढे औरंगाबादला आली आणि अलीकडच्या पुनर्रचनेनंतर प्रादेशिक विद्या प्राधिकरण म्हणून ओळखली जाऊ लागली. राज्यभरातल्या शाळांतल्या इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे नियोजन वर्षानुवर्षे करमाडच्या जिल्ह्याच्याच शहरातून होत आले, ही बाब या चर्चेत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मागणीला खरा जोर आला तो 2000 साली. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात राज्यातल्या सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे. निर्णय एका वर्षात अमलात आला. पण पहिलीच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचे शिक्षण मिळालेले शिक्षक एका वर्षात तयार होणे शक्य नव्हते. ती उणीव सेवांतर्गत प्रशिक्षणांतून भरण्याचे प्रयत्न आजही चालू आहेत.

नोकरीची चौकट

प्रशिक्षण कुठे घ्यायचे याआधी कोणत्या वर्गाला शिकवायचे हे ठरवावे लागते, कारण नियम त्यावर अवलंबून आहेत. पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. म्हणजे जुने डी.एड. लागते. बी.एड. झालेल्यांना या वर्गांवर नेमता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दिला. आठवीपर्यंत शिकवायचे तर शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी उत्तीर्ण असावे लागते. सप्टेंबर 2025 च्या निकालाने ही अट आधीपासून सेवेत असलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांच्या मुदतीने लागू केली. नववीपासून पुढे बी.एड. आणि संबंधित विषयातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी लागते. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांची भरती अभियोग्यता चाचणीचे गुण घेऊन पवित्र पोर्टलवरून होते. नेमणूक झाली तरी आधी शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. 2023 पासून हे मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे.

या चौकटीत परदेशी एम.ए. टेसॉल, म्हणजे इतर भाषकांना इंग्रजी शिकवण्यातला एम.ए., किंवा केंब्रिजचे सेल्टा हे इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र बी.एड.ची जागा घेत नाही. परदेशी पदव्यांची समकक्षता भारतीय विद्यापीठ संघ ठरवत आला आणि 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी स्वतंत्र नियमावली आणली. पण पदवी समकक्ष ठरणे वेगळे आणि शाळेत शिक्षक म्हणून पात्र ठरणे वेगळे. पात्रतेच्या अटी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते.

पहिली भूमिका : इथेच शिकावे

या भूमिकेचा पहिला आधार वर्गाचे वास्तव हा आहे. करमाडच्या हायस्कुलातल्या वर्गात पन्नास-साठ मुले बसतात. घरी मराठी, कुठे उर्दू, कुठे बंजारा किंवा हिंदी बोलली जाते. शाळेची वेळ संपल्यावर इंग्रजी कानावर पडत नाही. पाठ्यपुस्तक बालभारतीचे आणि शेवटी दहावीची बोर्ड परीक्षा. सेल्टासारख्या अभ्यासक्रमात सरावासाठी मिळणारा वर्ग प्रौढ विद्यार्थ्यांचा आणि लहान असतो. तिथे जमलेले तंत्र इथे जसेच्या तसे चालेलच असे नाही.

दुसरा आधार सरावाचा. 2014 च्या नियमावलीनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवडे शाळेत काढणे बंधनकारक झाले. सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, टाचणे, छात्रसेवाकाल अशा पायऱ्यांनी विद्यार्थी-शिक्षक खऱ्या वर्गापर्यंत जातो. कागदावर पाहिले तर सेल्टातल्या सहा तासांच्या मूल्यमापित अध्यापनापेक्षा हा सराव कितीतरी जास्त आहे.

तिसरा आधार वैचारिक आहे. रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्ये ‘लिंग्विस्टिक इम्पीरियलिझम’ या पुस्तकात एक मांडणी केली. इंग्रजी ज्याची जन्मभाषा तोच तिचा आदर्श शिक्षक, ही समजूत 1961 च्या युगांडातल्या मकेरेरे परिषदेनंतर पक्की होत गेली आणि तिला पुरेसा आधार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हंगेरीचे पीटर मेजेस यांनी 1994 मध्ये उलट बाजू पुढे आणली : जो स्वतः ही भाषा परकी म्हणून शिकला, त्याला शिकणाऱ्याची अडचण आधीच कळते. आपल्याकडचे उदाहरण एन. एस. प्रभू यांचे. 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत त्यांनी व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवले आणि मुलांना नकाशे, वेळापत्रके, तर्काची कोडी सोडवायला देऊन इंग्रजी शिकवले. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून तो जगभर अभ्यासला गेला. अध्यापनाची पद्धत नेहमी पश्चिमेकडूनच येते असे नाही, हे दाखवायला हा प्रकल्प अनेकदा पुढे केला जातो.

कोणती इंग्रजी शिकवायची, हा मुद्दाही इथे येतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकाराने भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह 1980 च्या दशकात तयार झाला. भारतीय इंग्रजीला स्वतःची घडण आहे, असे मानणाऱ्यांसाठी तो मोठा आधार ठरला. शिक्षकाने लंडनचा उच्चार घेऊन यावे, ही अपेक्षाच या मंडळींना अनाठायी वाटते.

दुसरी भूमिका : बाहेर जावे

परदेशाच्या बाजूने बोलणारे शिक्षकाच्या स्वतःच्या भाषेपासून सुरुवात करतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी बी.ए.ला इंग्रजी साहित्य बऱ्याचदा गाइडवर वाचतो. बी.एड.चे बरेचसे तास मराठीतून होतात. इंग्रजी मेथड निवडली तरी दोन वर्षांत सलग तासभर इंग्रजी बोलण्याची वेळ फारशी येत नाही. मग तो वर्गातही इंग्रजी मराठीतूनच शिकवतो. बाहेर वर्ष काढले की दुकानदार, घरमालक, प्राध्यापक सगळ्यांशी इंग्रजीत बोलावे लागते आणि भीड मोडते. पद्धत चांगली, पण भाषा कच्ची, अशा शिक्षकाचा उपयोग किती, हा त्यांचा प्रश्न आहे.

दुसरा मुद्दा पाठानंतरच्या चर्चेचा. सेल्टात 120 तासांचा संपर्क असतो आणि प्रत्येक पाठानंतर प्रशिक्षक व सहकारी त्यावर सविस्तर बोलतात. आपल्याकडे वीस आठवडे असले तरी त्यातला किती काळ अनुभवी माणूस मागच्या बाकावर बसून पाठ पाहतो, यावर सगळे अवलंबून आहे. ते महाविद्यालयागणिक बदलते. हजेरी नावापुरती आणि पाठ वहीतल्या वहीत, अशी कुजबूज या क्षेत्रात नवी नाही. म्हणून तासांच्या आकड्यांची तुलना करून बी.एड. सरस ठरवणे या पक्षाला मान्य नाही.

मात्र परदेशातला प्रत्येक अभ्यासक्रम सारखा नाही. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांतला एक वर्षाचा एम.ए. टेसॉल हा मुख्यतः भाषाविज्ञान, अभ्यासक्रमरचना आणि संशोधनाचा असतो. त्यात वर्गावर शिकवण्याचा सराव अगदी थोडा असतो किंवा नसतोही. तिथल्या शाळेत शिकवण्यासाठी वेगळी पात्रता लागते. इंग्लंडने फेब्रुवारी 2023 पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनाही ती थेट मागण्याची वाट उघडली, पण अकरा ते सोळा वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांपुरती. तिथल्या शाळांत भाषा विषय म्हणजे फ्रेंच, स्पॅनिशसारख्या भाषा. त्यामुळे इंग्रजीच्या शिक्षकाला ही वाट आपोआप मिळत नाही.

तिसरी भूमिका : आधी इथे, मग तिथे

गेल्या काही वर्षांत सर्वाधिक पाठिंबा मिळत गेलेली भूमिका ही आहे. तिचे म्हणणे क्रमाबद्दल आहे. आधी इथला परवाना घ्यावा, दोन-चार वर्षे वर्ग सांभाळावा आणि मग बाहेर जावे, कारण तेव्हा काय शिकायचे ते आपल्याला ठाऊक झालेले असते. शिवाय बाहेरची चांगली दारे अनुभव असलेल्यांसाठीच आहेत. माध्यमिक शिक्षकांना अमेरिकेत सहा आठवडे नेणारा फुलब्राइटचा कार्यक्रम सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे. ए. एस. हॉर्नबी न्यासाची वॉरिक विद्यापीठातली शिष्यवृत्तीही अनुभवी इंग्रजी शिक्षकांना मिळते. आखाती देशांतल्या सीबीएसई शाळा भारतातले बी.एड. पाहतात. दक्षिण कोरियाने 2010 च्या व्यापार कराराखाली भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून येऊ दिले, पण शिक्षकाचा परवाना असण्याच्या अटीवर. म्हणजे परदेशी जाऊन शिकवायचे असेल, तरी बी.एड. अनेकदा आधी लागते.

या वाटेतली अडचण रजेची आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. ते इंग्रजी विषयापुरते शिक्षक नव्हेत, पण त्यांच्या फुलब्राइट अभ्यासासाठीच्या रजेचा प्रश्न जानेवारी 2022 मध्ये वृत्तपत्रांतून गाजला आणि तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर मार्गी लागला. शाळा चालू ठेवायची की शिक्षकाला शिकायला सोडायचे, या दोन रास्त गरजांचा मेळ घालणारी पक्की व्यवस्था अजून बसलेली नाही.

याच भूमिकेत ‘बाहेर’चा अर्थही सैल होत गेला आहे. हैदराबादच्या इफ्लूचे अध्यापन प्रमाणपत्र आणि पदविका इंग्रजी शिकवण्यावरच केंद्रित आहेत आणि तिथे देशभरातल्या शिक्षकांत राहून इंग्रजीतच वावरावे लागते. 2020 पासून सेल्टाही पूर्ण ऑनलाइन करता येतो. संभाजीनगर जिल्ह्यातल्याच गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत मुले ऑनलाइन वर्गांतून जपानी शिकू लागली, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. गावातल्या शाळेत परकी भाषा पोचायला शिक्षकाने विमानात बसणे दर वेळी गरजेचे नाही, एवढे त्यावरून म्हणता येते. त्यापलीकडचा निष्कर्ष एका शाळेवरून काढणे घाईचे ठरेल.

पैसा आणि घर

चर्चासत्रांत हा भाग मागे राहतो, पण करमाडच्या घरात निर्णय इथेच होतो. बी.एड.ला सीईटी देऊन शासकीय किंवा अनुदानित जागा मिळाली आणि मागासवर्गीय शिष्यवृत्ती लागू झाली, तर खर्च आवाक्यात राहतो. रोज बसने ये-जा करता येते, घरच्या शेतीला हातभार लावता येतो. परदेशी वर्षासाठी शुल्क, व्हिसा, राहणे धरून लाखांत रक्कम लागते आणि ती बहुधा कर्जातून येते. परत येऊन शिक्षण सेवकाच्या मानधनावर ते कर्ज फेडणे जवळपास अशक्य आहे. म्हणून कर्ज काढून गेलेला शिक्षक तिथेच नोकरी शोधतो किंवा मोठ्या शहरातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत जातो. गावाच्या शाळेला त्याच्या प्रशिक्षणाचा लाभ होत नाही. हा त्याचा दोष नव्हे, हिशेबाचा परिणाम आहे.

शिष्यवृत्तीने हे गणित बदलते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ या राज्याच्या संस्थेची योजना आहे. पण राज्याच्या योजना जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठांपुरत्या असतात. इंग्रजी अध्यापनाचा चांगला विभाग क्रमवारीत खालच्या विद्यापीठात असू शकतो. तिथे या शिष्यवृत्तीचा उपयोग नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. संभाजीनगरपर्यंतच्या रोजच्या प्रवासाला घरातून होकार मिळतो, परदेशी वर्षाला मिळेलच असे नाही. बी.एड. हे लग्नाच्या बोलणीतही मानले जाणारे शिक्षण आहे. ‘मुलींनी इथेच शिकावे’ हा सल्ला कधी शैक्षणिक असतो, तर कधी केवळ घराची सोय पाहून दिलेला असतो. दोन्ही वेगळे ओळखायला हवेत.

काय अजून सुटलेले नाही

पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न परिणामाचा. शिक्षक कुठे शिकला याने मुलांच्या इंग्रजीत किती फरक पडतो? ‘असर’ या शैक्षणिक स्थितीच्या पाहणीच्या 2022 च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांना आणि आठवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांना इंग्रजीतली साधी वाक्ये वाचता आली. 2016 च्या तुलनेत यात विशेष फरक नव्हता. मधल्या काळात प्रशिक्षणे तर भरपूर झाली. मग कमी कुठे पडले : प्रशिक्षणात, वर्गात, की वर्गाबाहेर इंग्रजी नसण्यात? प्रत्येक पक्ष याचे उत्तर आपल्या सोयीने देतो.

दुसरा प्रश्न प्रशिक्षण झिरपण्याचा. तज्ज्ञांनी मुख्य मार्गदर्शक तयार करायचे, त्यांनी तालुक्याचे, तालुक्याच्यांनी शाळेचे, ही साखळी महाराष्ट्रात अनेकदा वापरली गेली. प्रत्येक पायरीवर काही ना काही गळते. 2016 मध्ये शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी सुरू केलेल्या ‘तेजस’ प्रकल्पाने वेगळा मार्ग घेतला. जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांचे लहान गट नियमित भेटत आणि आपल्या वर्गातले प्रश्न सोडवत. असे गट प्रकल्पाचा निधी संपल्यावर स्वतःच्या बळावर किती टिकतात, यावर या मार्गाचे यश ठरेल.

तिसरा प्रश्न पात्रतेच्या भवितव्याचा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 2030 पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवली आणि 2023-24 पासून तो निवडक संस्थांत सुरू झाला. पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. परत आणण्याचा मसुदाही 2025 मध्ये पुढे आला. आज बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला दोन वर्षांचे बी.एड. लगेच करावे की एम.ए. करून थांबावे, याचा सल्ला देणे म्हणूनच अवघड झाले आहे.

चौथा प्रश्न बाजाराचा. मूळ इंग्रजी भाषक शिक्षकाला झुकते माप देण्याच्या प्रवृत्तीवर संशोधकांनी गेली तीन दशके टीका केली. तरी पूर्व आशियातले काही देश इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा अजूनही ठराविक देशांच्या पारपत्रावर देतात आणि आपल्याकडच्या शाळांच्या जाहिरातींतही ‘फॉरेन ट्रेन्ड’ या शब्दांना वजन असते. विद्वानांत मागे पडलेली भूमिका पालकांत आणि मालकांत जिवंत आहे.

ताळेबंद

काही गोष्टींवर आता बरीच सहमती आहे. महाराष्ट्रातल्या शाळेत शिकवायचे असेल तर इथल्या पात्रतेला पर्याय नाही. परदेशी वर्ष भाषा आणि दृष्टी रुंदावू शकते, पण अनुभवाआधी घेतले तर त्यातला बराच भाग वर्गात उतरत नाही. प्रशिक्षणाची खरी कसोटी म्हणजे कोणीतरी जाणत्याने आपला पाठ पाहणे, त्यावर बोलणे आणि तो पाठ पुन्हा घ्यायला लावणे. ते लंडनमध्ये घडू शकते, हैदराबादला घडू शकते आणि संभाजीनगरच्या एखाद्या अध्यापक महाविद्यालयातही. महाविद्यालय निवडताना इमारत आणि निकालाची टक्केवारी विचारली जाते. छात्रसेवाकालात प्राध्यापक किती पाठ प्रत्यक्ष बसून पाहतात, हे क्वचित विचारले जाते. प्रवेश घेण्याआधी माजी विद्यार्थ्यांकडून मिळवण्याजोगी ती सर्वांत उपयोगी माहिती आहे.

बाकीचा वाद मिटायला पुरावा लागेल आणि तो गोळा करण्याची सोय जवळच आहे. इंग्रजी शिक्षणाचे काम पाहणारे प्राधिकरण, विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आणि अध्यापक महाविद्यालये एकाच शहरात आहेत. एका वर्षी बाहेर पडलेल्या इंग्रजी शिक्षकांचा, मग ते इथे शिकलेले असोत, ऑनलाइन किंवा परदेशात, त्यांनी पाच वर्षे माग काढला आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांचे वाचन तपासले, तर पुढचा आढावा लिहिणाऱ्याला मतांऐवजी निष्कर्ष मांडता येतील. तोपर्यंत बी.ए. झालेल्या मुलाने आपल्याला कोणत्या वर्गावर उभे राहायचे आहे हे आधी ठरवावे, त्या वर्गाचा परवाना मिळवावा आणि परदेशाचा अर्ज त्यानंतर भरावा. आजच्या माहितीवर इतकाच सल्ला देता येतो.